मोडण्यासाठी उभारलेली घरे

वर्धा जिल्ह्याचे नाव चित्रपटाच्या इतिहासात सहसा येत नाही आणि ते स्वाभाविकही आहे, कारण येथे ना स्टुडिओ उभे राहिले, ना चित्रसंस्था निघाल्या. हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे तरुणपणी एका इंग्रजी नियतकालिकात चित्रपट-परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बोशी त्यांचा पत्रव्यवहार होता, एवढा एक नवलाचा धागा सोडला, तर या जिल्ह्याचे पडद्यावरच्या जगाशी असलेले नाते शोधूनच काढावे लागते. तरीही कथा ज्या घरांत, वाड्यांत, गल्ल्यांत आणि दरबारांत घडते त्यांची कल्पना करणारा आणि ती सुतार, रंगारी व मूर्तिकारांकडून प्रत्यक्षात उभी करून घेणारा जो कलावंत, त्या कला-दिग्दर्शकाचा विचार करायचा झाला, तर वर्ध्यापासून जवळच असलेल्या सेवाग्रामइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी सापडणे कठीण आहे. घर कोणत्या साहित्यातून, किती खर्चात, किती काळासाठी आणि कोणाच्या डोळ्यांसाठी उभारायचे, हे चार प्रश्न कला-दिग्दर्शकाला रोजच सोडवावे लागतात. यांपैकी पहिले तीन या खेड्यात १९३६ साली फार काटेकोरपणे विचारले गेले होते आणि चौथा मुद्दाम बाजूला ठेवला गेला होता.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे राहावयास आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रसिद्ध शेगावामुळे टपालाची गल्लत होऊ लागली आणि १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. निवासाचे साहित्य आसपासच्या टापूतले असावे आणि खर्च ठरवून दिलेल्या मर्यादेत राहावा, ही गांधीजींची अट होती. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू मुळात मीराबेन, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या मॅडेलिन स्लेड, यांनी स्वतःच्या वापरासाठी बांधलेली होती. बांबू आणि मातीच्या भिंती, वर कवेलूंचे उतरते छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतींवर मातीतच उठावाने काढलेली ताडाखजुरीची झाडे, चरखा व ॐकार, एवढ्या ऐवजावर तिचे सारे सौंदर्य उभे आहे. या उठावचित्रांकडे पाहिले की आपत्काळात बांधलेल्या निव्वळ आसऱ्याहून वेगळे काहीतरी येथे घडले आहे हे लक्षात येते, कारण भिंत ओली असतानाच तिच्यावर झाड उठवणारा हात हा दृश्याचा विचार करणारा हात असतो. इव्हान इलिच या विचारवंताने जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामच्या एका परिषदेत याच कुटीवर व्याख्यान दिले आणि माणसाचे घर व वस्तू साठवण्याची जागा यांतला फरक तिच्या आधारे मांडला. इलिच यांचे प्रतिपादन मार्मिक असले, तरी मीराबेनच्या हातांची दखल त्या विचारांच्या गर्दीत थोडी मागे पडते, असे मात्र वाटत राहते.

१९३६ सालीच महाराष्ट्रात आणखी दोन ठिकाणी अशीच उभारणी चालली होती. खानदेशातल्या फैजपूर येथे डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरणारे पहिले अधिवेशन व्हायचे होते आणि त्यासाठीचे टिळकनगर सजवण्याकरिता गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले होते. आपण चित्रकार आहोत, वास्तुरचनाकार नव्हे, ही जाणीव असूनही नंदलालबाबूंनी बांबू आणि परिसरात मिळणारे खेडवळ साहित्य यांतून प्रवेशद्वारे, मंडप आणि प्रदर्शनाची जागा यांना एक सलग रूप दिले, ज्याची गांधीजींनी अधिवेशनात जाहीर प्रशंसा केली. अधिवेशन संपले आणि ते नगर मोडले. दुसरीकडे पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’साठी सतराव्या शतकातले एक घर, एक अंगण आणि एक देऊळ उभे राहिले होते, तो चित्रपट त्याच महिन्यात प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एका वर्षात मराठी मुलखात उभ्या राहिलेल्या या तीन रचनांपैकी पहिली राहण्यासाठी होती, दुसरी काही दिवसांच्या सभेसाठी होती आणि तिसरी केवळ कॅमेऱ्याच्या भिंगासाठी होती. तिघींनाही साधेपणाच दाखवायचा होता आणि तिघींनाही तो परिश्रमाने कमवावा लागला होता.

फत्तेलाल, ज्यांना प्रभातमध्ये सारे ‘साहेबमामा’ म्हणत, हे कागलचे, मुस्लिम कुटुंबातले आणि बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले होते. त्यांनी देहूच्या वारकऱ्याचे घर इतक्या आतून पाहिलेले दिसते, की त्या चित्रपटातली तुकारामांची पत्नी जिजाई अंगणात उभी राहून बोलते तेव्हा ते अंगण कोणी तरी रचले आहे याची आठवणही प्रेक्षकाला होत नाही. कला-दिग्दर्शनाच्या यशाची ही एक विचित्र कसोटी आहे: नटाचे काम चांगले झाले की प्रेक्षक नटाला पाहतो, गायकाचे चांगले झाले की गाणे गुणगुणतो, पण घर चांगले उभे राहिले की प्रेक्षक ते घर गृहीत धरतो. म्हणूनच प्रभातच्याच ‘अमृतमंथना’तल्या प्रचंड मंदिराची आठवण जितकी सांगितली जाते, तितकी तुकारामांच्या ओसरीची सांगितली जात नाही. वास्तविक त्या दोहोंपैकी अवघड काम दुसरेच होते.

या परंपरेचे मूळ कोल्हापुरात आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे कारागिरांच्या घराण्यातले. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवीत. रंगभूमीचा पडदा म्हणजे कापडावर खोलीचा आभास निर्माण करणारे चित्र असते आणि प्रेक्षक एका ठरावीक अंतरावर बसलेला असल्यामुळे तो आभास टिकतो. कॅमेरा मात्र जागा बदलतो, जवळ जातो, प्रकाश तिरका पडला की कापडाची सुरकुतीही पकडतो. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत रंगवलेल्या पडद्यांऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेली भरीव नेपथ्ये उभारली आणि कृत्रिम प्रकाशाचा जाणीवपूर्वक वापर केला. भारतीय चित्रपटात घराला ‘मागची बाजू’ आली ती येथून, असे म्हणता येईल. अर्थात ती मागची बाजू प्रत्यक्षात बहुधा बांबूच्या टेकूंची आणि रिकाम्या चौकटींचीच असे. पुढे एम. आर. आचरेकरांसारखा सिद्धहस्त चित्रकार या क्षेत्रात आला आणि ‘आवारा’तल्या स्वप्नदृश्यासारखे प्रसंग त्याने चित्रकाराच्या मुक्ततेने रचले. पण त्या चमकदार शाखेपेक्षा या लेखाला दुसरी, सेवाग्रामच्या बाजूने जाणारी शाखा अधिक जवळची आहे.

नंदलाल बोस यांचे शिष्य कनू देसाई हे गुजराती चित्रकार, गांधीयुगाच्या चित्रणासाठी प्रसिद्ध, आणि पुढे चित्रपटांचे कला-दिग्दर्शक झाले. विजय भट्ट यांच्या १९४३ मधील ‘रामराज्य’चे कला-दिग्दर्शन त्यांचे होते. गांधीजींना चित्रपटाविषयी मुळीच आस्था नव्हती. १९२७-२८ च्या सरकारी चित्रपट समितीलाही त्यांनी आपली नापसंती कळवली होती. तरी १९४४ साली कैदेतून सुटल्यानंतर जुहू येथे विश्रांतीस असताना त्यांनी जो एकमेव हिंदी चित्रपट पाहिल्याचे सांगितले जाते, तो ‘रामराज्य’ होय, आणि तोही त्यांनी पूर्ण पाहिला नाही. ज्या माणसाने फैजपुरात नंदलालबाबूंकडून बांबूचे नगर उभे करून घेतले, त्याच्यासमोर त्याच गुरूच्या शिष्याने रचलेली लाकूड-प्लास्टरची अयोध्या पडद्यावर यावी, या योगायोगावर फार मोठा सिद्धान्त उभारता येणार नाही, परंतु सभामंडपाची सजावट आणि चित्रपटाचे नेपथ्य ही दोन कामे एकाच हाताखालून शिकली जात होती, एवढे त्यातून निश्चित कळते. हेच कनू देसाई पुढे शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’साठीही कला-दिग्दर्शक होते आणि तेथील रंगीत वैभव पाहिले की फैजपूरचा बांबू खूपच दूर राहिल्याचे जाणवते.

या व्यवसायाचे स्वरूप थोडे स्पष्ट करणे येथे आवश्यक आहे. पटकथा हाती आली की कला-दिग्दर्शक प्रथम तिच्यातल्या जागांची यादी करतो, प्रत्यक्ष ठिकाणे पाहून येतो आणि काय बाहेर चित्रित करायचे व काय बांधायचे याचा निर्णय दिग्दर्शक आणि छायालेखकाबरोबर घेतो. मग रेखाटने होतात, त्यांवरून मोजमापांचे आराखडे होतात, कधी पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती केली जाते आणि त्यानंतर सुतार, मोल्डिंगवाले, रंगारी यांच्या टोळ्या कामाला लागतात. भिंत म्हणजे बहुतेक वेळा लाकडी चौकटीवर ठोकलेले प्लायवूड असते, दगड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा ओतीव साचा असतो आणि कॅमेऱ्याला मागे सरायला जागा मिळावी म्हणून एखादी भिंत काढून घेता येईल अशी ठेवलेली असते. नवी कोरी भिंत मात्र पडद्यावर खोटी दिसते, म्हणून तिच्यावर धूर, तेलकट हात, पावसाचे ओघळ यांच्या खुणा रंगाने चढवाव्या लागतात. जुने दिसणे हे या कामातले सर्वांत वेळखाऊ कसब आहे. कथेतल्या माणसांच्या वापरातल्या वस्तू, ज्यांना स्टुडिओत ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्या गोळा करणारी स्वतंत्र माणसे असतात, आणि एका समईच्या चुकीच्या घडणीने संपूर्ण पेशवाई संशयास्पद होऊ शकते. हॉलिवूडमध्ये ‘गॉन विथ द विंड’च्या वेळी, १९३९ साली, विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांच्या कामासाठी प्रॉडक्शन डिझायनर हे श्रेयनाम रूढ झाले आणि चित्रपटाच्या संपूर्ण दृश्यरूपाची जबाबदारी एका व्यक्तीकडे असते हे मान्य झाले, आपल्याकडे दोन्ही नावे आलटून पालटून वापरली जातात आणि प्रत्यक्षात जबाबदारी किती मिळेल हे दिग्दर्शकाच्या स्वभावावर ठरते.

आधुनिक काळात हे सारे काम मराठी घरातून आलेल्या ज्या एका नावाशी निगडित झाले ते नाव नितीन चंद्रकांत देसाई यांचे. दापोलीत १९६५ साली जन्मलेले आणि मुंबईत मुलुंड येथे वाढलेले देसाई जे. जे. कला महाविद्यालय व रहेजा कलाशाळा यांतून शिक्षण घेऊन १९८७ साली गोरेगावच्या चित्रनगरीत नितीश रॉय यांच्या हाताखाली दाखल झाले. ‘तमस’ या फाळणीवरील मालिकेसाठी ते साहाय्यकांमधलेही कनिष्ठ साहाय्यक होते. पुढे ‘चाणक्य’ मालिकेच्या काही भागांचे काम त्यांच्याकडे स्वतंत्रपणे आले. दूरदर्शनच्या त्या काळातील तुटपुंज्या अंदाजपत्रकात मगध उभे करणे म्हणजे थोडक्या पुठ्ठ्यात साम्राज्य मांडणे होते, आणि देसाईंची पुढची भव्यता या कंजूष शाळेत घडली होती हे त्यांच्याविषयी लिहिताना अनेकदा विसरले जाते. विधू विनोद चोप्रांच्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’साठी त्यांनी ब्रिटिश आमदानीतले एक डोंगरी गाव चित्रनगरीत उभारले आणि १९९४ पासून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, संजय लीला भन्साळींचे ‘हम दिल दे चुके सनम’ व ‘देवदास’ आणि आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

या चारांकडे एकत्र पाहिले तर कला-दिग्दर्शकाच्या विवेकाची मोजदाद करता येते. ‘देवदास’मध्ये पारोच्या घरासाठी रंगीत काचेचे लाखाहून अधिक तुकडे लागल्याचे सांगितले जाते आणि चंद्रमुखीची कोठी कृत्रिम जलाशयाच्या काठी झगमगत उभी राहते, तेथे घर पात्रांपेक्षा मोठे होते, आणि शरच्चंद्रांच्या कादंबरीतली घुसमट त्या काचांमागे बऱ्याच वेळा हरवते. डॉ. आंबेडकरांवरील चित्रपटाला महाड, न्यूयॉर्क, लंडन, मुंबईतली चाळ आणि नागपूर असा दीर्घ प्रवास अंगावर घ्यावा लागला, शिवाय ज्यांच्या स्मरणात हे सारे अजून जिवंत आहे अशा प्रेक्षकांसमोर उभे राहावे लागले, आणि तेथील नेपथ्य संयमी, कागदपत्रांशी प्रामाणिक राहिले. पण सेवाग्रामच्या अंगणात उभे राहून विचार केला तर ‘लगान’च सर्वांत जवळचा वाटतो. १८९३ सालातले चंपानेर हे काल्पनिक गाव भूजजवळच्या कुनारिया येथील उघड्या माळावर उभारले गेले, तेव्हा कच्छी पद्धतीची मातीची घरे परिसरातल्या साहित्यातून आणि तेथल्याच कारागिरांच्या मदतीने बांधण्यात आली. गांधीजींची बांधकामाविषयीची अट कोणी लक्षात ठेवून हे केले असेल असे मुळीच नाही, वास्तवाचा भास आणि सोय ही त्यामागची कारणे होती, तथापि त्या भिंतींच्या मातीला ऊन लागले की जो रंग येतो तो मुंबईतल्या साच्यात ओतून आणता आला नसता. चित्रण २००० साली पार पडले आणि पुढच्या जानेवारीत कच्छात भूकंप होऊन तो सारा प्रदेश हादरला, त्यामुळे त्या चित्रपटातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना कच्छच्या लोकांच्या लेखी आज एक वेगळाच अर्थ आहे.

मराठी माणसाला मोडण्यासाठी उभारणे नवे नाही. गणपतीचे मखर दहा दिवसांत उतरते, लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी सुटतो, आणि त्यातले कौशल्य वाया गेले असे कोणी मानत नाही. देसाई स्वतः लालबागच्या राजाच्या मंडपाची सजावट करीत आणि त्या कामाला त्यांनी चित्रपटापेक्षा हलके कधी लेखले नाही. तरीही त्यांच्या मनात दुसरी एक इच्छा होती असे दिसते: जे उभारले ते राहावे. २००५ साली कर्जतजवळ सुमारे पन्नास एकरांवर त्यांनी एन. डी. स्टुडिओ उभा केला, जेथे ‘जोधा अकबर’चा किल्ला आणि महाल बांधले गेले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतले शिवकाळाचे वातावरण रचले गेले, आणि चित्रण संपले तरी ही रचना पाडायची नाही, प्रेक्षकांनी ती येऊन पाहावी, पुढचे चित्रपट तिच्यात घडावेत, अशी योजना होती. ‘बालगंधर्व’सारखा चित्रपट त्यांनी निर्माता म्हणून केला, ‘अजिंठा’ स्वतः दिग्दर्शित केला. हिशोबाच्या भाषेत बोलायचे तर कला-दिग्दर्शकाने येथे आपल्या व्यवसायाचा मूळ नियमच बदलला होता, कारण प्लास्टरचा किल्ला पावसाळ्यात दुरुस्त करावा लागतो, त्याला पहारा आणि वीज लागते, आणि चित्रीकरण नसलेल्या महिन्यांतही जमिनीवरचे व्याज चालू राहते. कर्जाची रक्कम अडीचशे कोटींच्या घरात गेल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होण्यास थोडेच दिवस उरले असताना, देसाई यांनी त्याच स्टुडिओत जीवनयात्रा संपवली. एका माणसाच्या अशा अखेरीचे एकच कारण सांगणे अनुचित ठरेल. इतके मात्र म्हणता येईल की आपल्या चित्रपटव्यवसायाकडे नेपथ्य जतन करण्याची कोणतीही सामुदायिक व्यवस्था नव्हती आणि ती एका व्यक्तीने स्वतःच्या तारणावर उभी करण्याचा प्रयत्न केला.

सेवाग्रामची कुटीही टिकण्यासाठी बांधलेली नव्हती. माती आणि बांबू यांचे आयुष्य मोजके असते. विदर्भाचा उन्हाळा भिंतीला भेगा पाडतो, पाऊस तिचे कोपरे धुऊन नेतो, कवेलू सरकतात, वाळवी लागते. तरी ती आज नव्वदीकडे झुकलेली उभी आहे, याचे कारण आश्रमातली माणसे ती सारवतात, लिंपतात, छप्पर फेरतात; म्हणजे तीच वास्तू पुन्हा पुन्हा, थोडी थोडी बांधली जाते. मूळ मातीचा किती अंश आज शिल्लक असेल हा प्रश्न विचारता येतो, आणि चित्रपटाच्या सेटला ‘खोटा’ म्हणणाऱ्यांनी तो जरूर विचारावा. फरक साहित्याच्या खरेपणाचा कमी आणि देखभाल कोणावर सोपवलेली आहे याचा अधिक आहे. कुटीची देखभाल एका संस्थेवर आणि श्रमदानाच्या सवयीवर आहे, कर्जतच्या किल्ल्याची एका खासगी कंपनीच्या ताळेबंदावर होती.

गांधीजींचे जीवन चित्रपटात आले तेव्हा, १९८२ च्या रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’त, कला-दिग्दर्शनाचे ऑस्कर स्टुअर्ट क्रेग, बॉब लेंग आणि मायकेल सिअर्टन या इंग्रज त्रयीला मिळाले, तर वेशभूषेचे जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना, भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर होय. खादीचा पोत, धोतराचा मळ, पंच्याची लांबी यांचा विचार करणारे मन कोल्हापुरातल्या चित्रकाराच्या घरात, बाबूराव पेंटरांच्या परिसरात वाढले होते. भानूताईंनी २०१२ साली ते मानचिन्ह सुरक्षित राहावे म्हणून अकादमीकडे परत सोपवले. आपल्याकडे ते नीट सांभाळले जाईल अशी जागा त्यांना दिसली नाही, ही बाब त्या वेळी वृत्तांत म्हणून छापली गेली आणि विसरली गेली, परंतु कर्जतच्या हकिकतीशेजारी ठेवल्यास तिचा अर्थ वाढतो.

वर्ध्याला जतनाची एक वेगळी परंपरा आहे. मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय ग्रामोद्योगांची अवजारे, चरखे आणि घाणे यांसाठी स्थापन झाले; अवजार जपले की त्यामागची रीत जपता येते ही त्यामागची समजूत होती. शहरातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात आता नाट्य व चित्रपट यांच्या अध्ययनाचा विभाग आहे. फत्तेलालांची किंवा देसाईंची रेखाटने, प्रतिकृती, मोजमापांचे कागद, मोल्डिंगचे साचे आणि ती कामे करणाऱ्या सुतार-रंगाऱ्यांच्या मुलाखती एखाद्या अशा ठिकाणी एकत्र आल्या, तर सेट पाडले गेले तरी ते पुन्हा कसे उभारायचे हे पुढच्या पिढीला समजू शकेल. प्लास्टरच्या किल्ल्यावर पत्रे टाकून तो वर्षानुवर्षे झाकण्यापेक्षा या कामाला खर्चही कमी येईल.